दुकानाची पायरी
सोयाबीनचे पैसे हाती आले की वाशिमच्या बाजारात गर्दी उसळते. मळकं धोतर दिसलं की दुकानातला पोऱ्या न विचारताच स्वस्तातला गठ्ठा काढतो. इस्त्रीच्या शर्टासाठी मात्र खुर्ची सरकते, चहा येतो.

हे फार लागतं.

जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या जीटी मॉलमध्ये धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला दारातच अडवलं. सरकारने मॉल ७ दिवस बंद करायला लावला. संविधानाचं कलम १५ दुकानात जाताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आड येऊ देत नाही. कपड्यांचा उल्लेख त्यात नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आणि तांड्यावरची म्हातारी, त्याच वारशातल्या आरसेकामाच्या पेहरावात, ओढणीच्या गाठीत नोटा बांधून दुकानाच्या पायरीवर थबकते; चपला काढाव्यात का, विचारते.