छप्पनचा खांब

मे महिन्यात नागपुरात गप्पांची सुरुवात 'कसं काय'ने होत नाही, 'आज किती?'ने होते. अर्ध्या डिग्रीसाठी पानठेल्यावर वाद होतात, खरंच! त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात एका न्यूज पोर्टलने 'शहराचा लाइव्ह पारा' असं पेज करशील का विचारलं, तेव्हा मी दोन मिनिटांत हो म्हटलं. फ्रीलान्सरला आणखी काय हवं?

मास कॉमला आम्हाला हेडलाइन शिकवली, कॅमेरा शिकवला. कोड कुणी शिकवला नाही. तो मी लॉकडाउनमध्ये यूट्यूबवरून शिकले. थोडं पायथन, बाकी कॉपी-पेस्ट. प्रताप नगरातल्या आमच्या घरी, कूलरसमोर बसून, आठ दिवसांत ग्राफ तयार झाला. तुम्ही पेज उघडलं की स्क्रिप्ट शहरातल्या चार स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडे उचलायची, त्यातला सर्वांत मोठा घ्यायची आणि सात दिवसांचे सात खांब काढून तुमच्या मोबाइलवर पाठवायची. चित्र आधी काढून ठेवलेलं नाही, तुम्ही मागाल तेव्हा ताजं. मध्ये माणूस नाही. मला तेव्हा हीच गोष्ट भारी वाटत होती.

सर्वांत मोठा आकडाच का? कारण संपादकांना हेडलाइन खणखणीत हवी होती. आणि मलाही. एक शब्द टाइप केला, मॅक्स. झालं.

अशा ग्राफमध्ये गणित सोपं असतं. माझा खांब तीनशे पिक्सेल उंच होऊ शकायचा. खालचं टोक मी ४० डिग्रीला बांधलं होतं, वरचं स्क्रिप्ट स्वतः ठरवायची, आठवड्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यावरून. समजा वर ४६ आहे, तर ४४ चा खांब दोनशे पिक्सेल. चांगला दणदणीत. रंगही त्याच हिशेबाने, उंच तो लालभडक, बुटका तो हिरवा. दिसायला एकदम झकास!

३० मे, गुरुवार. नवतपा सुरू होता. रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या केंद्राने ५६ डिग्री दाखवले. आणखी एका केंद्राने ५४. उरलेल्या दोघांवर ४४ च होतं, पण ते कोण बघतं? आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ आलं होतं, त्यामुळे सगळ्यांना खरंच वाटलं. (त्या दिल्लीच्या सेन्सरमध्येही तीन डिग्रीची चूक होती, हे नंतर कळलं.) माझ्या ग्राफचे स्क्रीनशॉट मला माझ्याच कॉलेजच्या ग्रुपवर आले. हिट्स अशा वाढल्या की काय सांगू.

हवामान खात्याने लवकरच सांगितलं, सेन्सर बिघडलाय. नागपूरचा अधिकृत उच्चांक ४७.९ आहे, २३ मे २०१३ चा. ५६ म्हणजे त्याच्याही आठ डिग्री वर. मी संपादकांना फोन केला. 'आजचा दिवस राहू दे,' ते म्हणाले. आणि मी राहू दिला. भांडले असते, तर पाच मिनिटांचं काम होतं.

शुक्रवारी दुपारी एकला बाबांनी मोबाइल हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक आकडे दिसत नाहीत. ते खांब बघतात. लेकीचा ग्राफ, म्हणून रोज बघतात.

'कालचा पाहा केवढा होता. आज तर हिरवाच आहे न,' बाबा म्हणाले. 'बँकेत जाऊन येतो. पासबुक भरायचं राहून राहिलं.'

मी रात्रभर कॉपी लिहून आतल्या खोलीत झोपले होते.

हिरवा का होता, कळलं ना? वरचं टोक ५६ झालं की ४४ चा खांब दोनशेवरून थेट पंच्याहत्तर पिक्सेलवर येतो. ऊन तेवढंच, खांब अर्ध्याहून कमी. खोट्या आकड्याने कालचा दिवस फुगवला, हे सगळ्यांना दिसलं. त्याने आजचं ऊन थंड करून टाकलं, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

बाबा दीड तासाने परतले. दुपट्टा बांधलेला, खिशात कांदा, सगळं केलेलं. गाडी स्टँडला लावता येईना. मग उलट्या, चक्कर, अंग भट्टीसारखं. जवळच्या डॉक्टरांकडे दोन सलाइन लागल्या. आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, 'तुझं ते यंत्र काय म्हणत होतं?'

रात्री त्यांच्या उशाशी बसून मी कोड उघडला. पहिल्यांदा मॅक्स खोडलं, सरासरी टाकली. चारही आकड्यांची सरासरी आली ४९.५. मग मध्यक घेतला, पुस्तकात म्हणतात बिघडलेल्या आकड्यांवर तोच उपाय. आला ४९. शहरात कुठेच नसलेलं तापमान! चारातली दोन केंद्रं बिघडली की गणित तुम्हाला वाचवत नाही. उच्चांकाच्या वरचं सगळं गाळून टाकू म्हटलं, तर उद्या खरोखर ४८ झालं तर? २०१३ चं ४७.९ सुद्धा त्या दिवशी नवीनच होतं.

शेवटी केलं ते असं. अक्ष २० ते ५०, कायमचा बांधलेला. रंग आठवड्याच्या तुलनेत नाही, डिग्रीवर. ४० च्या वर हिरवा मिळणारच नाही. आणि ४७.९ च्या वरचा आकडा आला तर खांब नाही, फक्त पोकळ गोल आणि बाजूला 'तपासणी बाकी'. त्याच वेळी मला मेसेज. म्हणजे मध्ये माणूस आलाच परत.

संपादकांना नवा ग्राफ सपाट वाटला. सगळे खांब सारखेच दिसतात, कोण क्लिक करणार? जूनमध्ये पाऊस आला आणि ते पेज बंद झालं. माझं अर्धं बिल अजून यायचंय.

स्क्रिप्ट मी बंद केलेली नाही. रोज माझ्या लॅपटॉपवर चालते, वाचक एक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी त्यांची तक्रार आहेच. 'खांब राहू दे गं,' ते म्हणतात, 'आकडा मोठा कर.'