दम धर!

माझ्या लहानपणी पोहायला शिकवायची पद्धत एकदम सोपी होती. मे महिन्याच्या सुट्टीत गावाला गेलं की काका पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे, विहिरीच्या काठावर उभं करायचे आणि म्हणायचे, "दम धर आणि मार उडी." आपण उडी मारली तर ठीक, नाहीतर मागून एक धक्का यायचा. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे हिरवा अंधार, आणि मग तो डबा आपल्याला बुचासारखा वर काढायचा. चार दिवसांत डबा सुटायचा. झालं पोहणं शिकून!

तर "दम धर" हा मंत्र तिथून जो चिकटला तो चिकटलाच. बारावीच्या वर्षी आईने सांगितला, कॅम्पसमधून नोकरी लागेना तेव्हा बाबांनी सांगितला, आणि पुढे मॅनेजर लोकांनी इंग्रजीतून सांगितला. मी धरत गेलो. मला वाटायचं, हेच आपलं मुख्य क्वालिफिकेशन आहे.

आणि मग वयाच्या सदतिसाव्या वर्षी, अंदमानात, गुडघाभर पाण्यात उभं करून एका पोराने मला सांगितलं, "सर, एक ही रूल याद रखना. साँस कभी रोकना नहीं."

च्यायला!

जरा मागून सांगतो. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून डिसेंबरमध्ये अंदमानला जायचं ठरलं. मराठी माणूस अंदमानला निघाला की घरच्यांचं एकच सांगणं असतं, "सावरकरांच्या कोठडीचं दर्शन घेऊन या." ते आम्ही शेवटच्या दिवसासाठी ठेवलं. आधीचे पाच दिवस हॅवलॉक बेटावर. २०१८ साली त्याचं नाव स्वराज द्वीप झालं, पण तिथे आम्हाला भेटलेला प्रत्येक जण हॅवलॉकच म्हणत होता. स्कूबा शिकायची आयडिया बायकोची. एकदाच डुबकी मारून फोटो काढण्याचा प्रकार नाही, चक्क चार दिवसांचा कोर्स. पास झालात की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जायला मोकळे.

पहिल्या दिवशी भरायला फॉर्म आला. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन, फिट्स, मानसिक त्रास... मी सराईतपणे सगळीकडे "नाही" लिहीत गेलो. एका प्रश्नापाशी पेन जरा थबकलं. मग तिथेही "नाही".

आमचा इन्स्ट्रक्टर तिथलाच, बंगाली घरातला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५०च्या दशकात या बेटावर जमिनी दिल्या होत्या, त्यांतल्याच एका घराचा हा नातू. वय असेल चोवीस-पंचवीस. पाण्याबाहेर लाजाळू, पाण्यात हेडमास्तर.

आता तो श्वासाचा नियम. माझ्यासारख्याला कारण कळल्याशिवाय नियम पटत नाही, म्हणून त्याने वाळूत काडीने काढून दाखवलं. जमिनीवर आपल्यावर हवेचा दाब असतो एक वातावरण. समुद्रात दर दहा मीटरला आणखी एक वाढतो. सिलिंडरमधली हवा तोंडातल्या रेग्युलेटरमधून येते ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकीच होऊन येते, म्हणून तर खाली छाती दबत नाही. पण समजा सहा मीटर खोलीवर तुम्ही सहा लिटर हवा छातीत भरली, तोंड बंद केलं आणि घाबरून वर सुटलात. दाब १.६ वरून १ वर येणार. तीच हवा साडेनऊ लिटर व्हायला बघणार. फुप्फुस काही साडेनऊ लिटरचं नसतं. श्वास चालू असेल तर जादा हवा आपली आपण निघून जाते. म्हणजे अकरावीत पाठ केलेला बॉइलचा नियम चुकला तर इथे मार्क जात नाहीत, फुप्फुस फाटतं.

दुसरी गोष्ट खुणांची. पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा आणि तर्जनीचा गोल केला की "ओके". अंगठा वर केला तर "मस्त" नाही, "वर चला"! (पहिल्या दिवशी मी उत्साहाने तीनदा अंगठा दाखवला आणि तीनदा मला वर आणण्यात आलं.) आणि पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला की "काहीतरी गडबड आहे". गोल हा प्रश्नही असतो आणि उत्तरही. तो गोल करून विचारतो, तुम्ही गोल करून सांगायचं. आमच्या रोजच्या सकाळच्या मीटिंगसारखंच. ऑल ओके? ऑल ओके. नेक्स्ट!

उथळ पाण्यात सगळं जमलं. रेग्युलेटर तोंडातून काढून परत लावणं, नाक चिमटीत धरून कानाचे दडे सोडवणं, वगैरे. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरूनच चालत आत जायच्या एका रीफवर गेलो. नेमो रीफ म्हणतात त्याला, नाव कशावरून पडलं ते सांगायला नको. खोली सहा मीटर. वाळूवर गुडघे टेकून बसायचं आणि मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचं. मग मास्कची वरची कड दाबायची, मान जरा वर करायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची, की पाणी खालून निघून जातं. बायकोने पहिल्या फटक्यात केलं.

माझी पाळी. मास्क भरला. खारं पाणी डोळ्यांत, नाकात. आणि मी काय केलं असेल? काकांनी शिकवलं तेच. दम धरला.

पुढचे काही सेकंद मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. काही दिसत नाहीये. छातीत हवा गच्च भरलेली, पण वाटतंय की हवा नाहीच. हात-पाय आपोआप वर जायला निघालेले. आणि त्याचवेळी डोक्यात एक आवाज, अगदी शांत, की अरे, हे तर ओळखीचं आहे.

इन्स्ट्रक्टरने माझा जॅकेटचा पट्टा पकडला होता. नुसता पकडला, ओढलं नाही. दुसऱ्या हाताने माझ्या छातीवर हलकेच थापटी मारली, एकदा, दोनदा. सोड. सोड. मी सोडला. केवढे मोठे बुडबुडे! त्यांचा आवाज ऐकून मला कळलं, की मी श्वास सोडू शकतो, म्हणजे घेऊही शकतो. तीन-चार श्वासांनी हात थरथरायचे कमी झाले. कसाबसा मास्क रिकामा केला. समोर त्याचा चेहरा आणि त्याच्या बोटांचा गोल. ओके?

मी गोल केला.

त्याने मान हलवली आणि परत विचारलं. ओके?

काय सांगू, त्या क्षणी तो गोल मला जड झाला. सहा मीटर पाण्याखाली, एवढंसं पोरगं समोर गुडघे टेकून बसलंय, आणि त्याला खरं उत्तर हवंय. ते ऐकायला त्याला वेळही आहे. मी पंजा आडवा केला आणि हलवला. गडबड आहे.

आम्ही हळूहळू, श्वास घेत, सोडत वर आलो. किनाऱ्यावर बसल्यावर त्याने विचारलं, "सर, पहले कभी हुआ है ऐसा?"

बायको शेजारी केस पिळत होती. मी म्हटलं, "हो."

गेल्या मार्चमध्ये, रिलीजच्या आठवड्यात, रात्री साडेअकराला ऑफिसच्या पार्किंगमध्ये मला श्वास घेता येईना. हार्ट अटॅकच आला असं वाटलं. चाळीस मिनिटं गाडीत बसून होतो. मग जवळच्या एका हॉस्पिटलमध्ये जाऊन ईसीजी काढला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले हा पॅनिक अटॅक, पुन्हा कुणाला तरी दाखवा. मी गेलो नाही. घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. बायकोला सांगितलं, ट्रॅफिक होतं. रात्री एक वाजता ट्रॅफिक! तिनेही झोपेत ऐकून घेतलं. ईसीजीची पीडीएफ मी "टॅक्स" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून दिली, तिथे घरातलं कुणी फिरकत नाही म्हणून.

हे सगळं मी त्या वाळूवर बसून मोडक्या हिंदीत सांगितलं, कारण मराठीत सांगायचं तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मार्चमध्ये. आणि आता डिसेंबर चाललाय."

बस, एवढंच. त्यापेक्षा तिने भांडण केलं असतं तर परवडलं असतं.

इन्स्ट्रक्टरने शांतपणे नवा फॉर्म पुढे केला. म्हणाला, खरा भरा, आणि डॉक्टरची सही होईपर्यंत पाण्यात नाही. तिसरा दिवस त्यातच गेला. "टॅक्स" फोल्डर उघडलं, रिपोर्ट दाखवला, डॉक्टरांनी अर्धा तास प्रश्न विचारले, ते सगळे बायकोने शेजारी बसून ऐकले. सही मिळाली, पण अटींसकट. उथळ, सावकाश, आणि जरा जरी अस्वस्थ वाटलं तर त्या दिवसापुरतं बंद. संध्याकाळी आम्ही राधानगरच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. डिसेंबरात तिथे पाच वाजताच सूर्य बुडतो, घड्याळ आपलं भारतीय आणि बेट मात्र पार पूर्वेला, त्यामुळे. अंधारात बोलणं सोपं जातं. जे मार्चमध्ये बोलायचं ते तिथे बोललो.

आता शेवट असा व्हायला हवा की मी भीतीवर मात केली आणि कोर्स पास झालो. नाही झालो! दिवस कमी पडले. चारऐवजी दोनच डाइव्ह झाल्या, म्हणून मला धाकटं सर्टिफिकेट मिळालं. १२ मीटरपर्यंत, तेही कायम कुणीतरी व्यावसायिक बरोबर असेल तरच. बायकोला पूर्ण मिळालं, १८ मीटर. तिने तेव्हापासून दोनदा त्याचा उल्लेख केलाय, म्हणजे तसा संयमच म्हणायचा :)

पण त्या दोन डाइव्हमधली दुसरी माझ्या कायम लक्षात राहील. अकरा मीटरवर लाल रंग मरगळून करडा दिसायला लागतो, कारण पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेतं. काही प्रवाळ पांढरेफटक पडलेले होते, पाणी जास्त तापलं की ते आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि असे दिसतात. बाकीच्यांवर पोपटमासे चोच मारत होते, त्याचा कुरकुर आवाज ऐकू येत होता, पण कुठून येतोय ते कळत नव्हतं. आणि या सगळ्यावर माझाच श्वास. आत, बाहेर. इतकी वर्षं हा बिचारा चालू होता आणि मी कधी ऐकलाच नव्हता.

डाइव्हिंगनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. त्यामुळे सेल्युलर जेलसाठी शेवटचा अख्खा दिवस मिळाला, आणि घरच्यांची आज्ञाही पाळली गेली.

पुण्यात आल्यावर मी डॉक्टरांकडे जायला लागलोय. सकाळच्या मीटिंगमध्ये अजून "ऑल ओके" म्हणतो, ते काही एका डुबकीत सुटत नाही. पण रात्री जेवताना कधीतरी बायको ताटावरून मान वर करते, बोटांचा गोल करते आणि भुवया उंचावते. परवा मी पंजा आडवा करून हलवला.

"बरं," ती म्हणाली, "आधी जेव. मग सांग."