थापाड्याच्या पबातली वही

गॉसफर्थ गाव मागे पडलं की रस्ता एका गाडीपुरताच उरतो. समोरून कुणी आलं की एकाने मागे सरायचं, दुसऱ्याने हात वर करून पुढे जायचं. उजव्या हाताला वास्टवॉटर तळं, काळंशार. पलीकडच्या काठावर दगडगोट्यांची घसरण थेट पाण्यात उतरलेली. तळं संपतं, दगडी बांधांचं जाळं सुरू होतं आणि एका पांढऱ्या भिंतीवर मोठाल्या काळ्या अक्षरांत एकच शब्द दिसतो: 'इन'. गाडीरस्ता इथेच संपतो. पुढे फक्त पायवाटा.

हे वास्डेल हेड. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली चार-दोन शेतघरांची वस्ती, एक चिमुकलं चर्च आणि हा पब. नागफणीच्या कड्यावर मी पहिल्यांदा कमरेला दोर बांधला, तेव्हा शिकवणाऱ्या दादांच्या तोंडून हे नाव ऐकलं होतं. तेव्हापासून इथे यायचं मनात होतं.

पब चालवणाऱ्याला इकडे लँडलॉर्ड म्हणतात. इथल्या लँडलॉर्डांत सर्वांत गाजलेला विल रिटसन, जन्म १८०८. शेतकरी, मेंढ्या पाळणारा, कोल्ह्यांच्या शिकारीचा शौकीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने शेतघराला जोडून प्रवाशांसाठी खोल्या काढल्या, दारूचा परवाना घेतला, आणि संध्याकाळी पाहुण्यांना गोष्टी सांगू लागला. आमच्या खोऱ्यातले सलगम इतके मोठे, की रविवारच्या जेवणाला ते खाणीतून दगड काढावा तसे खणून काढतो आणि पोकळ झाले की आत मेंढ्या बांधतो! जखमी गरुडाला घरी आणलं, त्याचा नि शिकारी कुत्रीचा संकर झाला आणि बांधांवरून उडत जाणारी पिल्लं झाली! एकदा म्हणे थापांची स्पर्धा लागली. पाळी आली तेव्हा विल म्हणाला, मला वगळा, मला खोटं बोलताच येत नाही. बक्षीस त्यालाच मिळालं.

सर्वांत उंच डोंगर, सर्वांत खोल तळं, सर्वांत लहान चर्च आणि सर्वांत मोठा थापाड्या, चारही वास्डेलातच, असं तो सांगे. ९७८ मीटरचा स्कॅफेल पाइक आणि सुमारे ७९ मीटर खोल वास्टवॉटर इंग्लंडात खरोखरच पहिल्या क्रमांकावर आहेत. दर नोव्हेंबरात जवळच्या सँटन ब्रिजच्या पबात त्याच्या स्मरणार्थ थापाड्यांची स्पर्धा भरते. राजकारणी आणि वकील यांना तिथे मज्जाव, कारण त्यांना आधीच फार सराव!

विल १८९० साली गेला. पब तोवर दुसऱ्यांच्या हाती गेला होता आणि पाहुणेही बदलले होते. १८८१ मध्ये वॉल्टर हॅस्केट स्मिथ हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी मित्रांबरोबर अभ्यासाला म्हणून इथे आला आणि कड्यांत रमला. शिखर गाठायचं तर सोपी वाट असताना अवघड कातळावरून कशाला जायचं? त्याला तो कातळच हवा होता. १८८६ मध्ये ग्रेट गेबल या डोंगराच्या कुशीतला नेप्स नीडल हा सुळका तो एकटा, दोराशिवाय चढला आणि माथ्यावर दगडाखाली आपला रुमाल ठेवून उतरला. ब्रिटनमध्ये प्रस्तरारोहण हा स्वतंत्र खेळ म्हणून तेव्हापासून मानला जातो.

मग नाताळ-ईस्टरला पब चढाईवाल्यांनी भरू लागला. जे. रिटसन व्हाइटिंग या नंतरच्या लँडलॉर्डच्या अमदानीत दिवाणखान्यात ओले दोर आणि खिळे ठोकलेले बूट पडलेले असत. पावसाने अडकलेली मंडळी बिलियर्डच्या टेबलाच्या पायाला वेढा घालून जमिनीला अंग न लावता पार होण्याची कसरत करत, तबेल्याच्या भिंतीवर पकडी शोधत.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती इथली वही. १८९० पासून चढाईवाले तिच्यात आपापल्या वाटा लिहू लागले: कुठे भेग, कुठे पकड, कुठे दगड सैल. थापांच्या घरात ठेवलेली ही वही, पण तिच्यात थाप चालत नव्हती. तुम्ही लिहिलेल्या पकडीवर उद्या दुसरा कुणी जीव टांगणार असे. विलला ऐकायला माणसं आली नसती, तर डोंगराच्या या टोकाला एवढ्या खोल्या राहिल्या असत्या का? आणि खोल्या नसत्या, तर ही वही कुठे ठेवली असती?

संध्याकाळी त्या चिमुकल्या चर्चकडे, सेंट ओलाफच्या, गेलो. यू वृक्षांच्या गर्द सावलीत चढाईत गेलेल्यांच्या कबरी आहेत. १९०३ मध्ये स्कॅफेल पिनॅकल या कड्यावरून एकाच दोराला बांधलेले चौघे पडले, त्यांतले तिघे इथे आहेत. आत इतका अंधार, की काही वेळ काहीच दिसेना. पबात बिअर देणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, खिडक्यांच्या काचा नीट बघा. एकेक काच न्याहाळत गेलो. शेवटी सापडला: बोटाएवढा, काचेवर कोरलेला नेप्स नीडल.