आमच्या मोटारीचा दांडा

आमचे घरीं एक मोटार आहे. तिला मोटार म्हणण्यास हल्लीं कांहीं शेजारी तयार नसतात. परंतु सरकारी नोंदवहींत तिचें नांव ‘प्रीमियर पद्मिनी’ असें असून जन्मसाल १९८२ आहे. त्या काळीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, तेव्हां कोठें मोटार दारीं येई. आमच्या तीर्थरूपांनीं, म्हणजे अण्णांनीं, ती आणली त्या दिवशीं आईनें तिला ओवाळलें होतें हें आम्हांस आठवतें. अलीकडे आमच्या हातून या मोटारीचा एक अवयव बदलला गेला, आणि पुन्हां बदलला गेला. ती हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

हा अवयव म्हणजे गिअरचा दांडा. आजकालच्या बहुतेक मोटारींत तो दोन आसनांच्या मधोमध जमिनींतून वर आलेला असतो, हें आमच्या बालवाचकांस ठाऊक आहेच. आमच्या पद्मिनीचा दांडा मात्र स्टिअरिंगच्या चक्राखालीं, चालकाच्या डाव्या हाताशीं, आडवा बाहेर आलेला. ही तऱ्हा मूळची परदेशची. १९५३ सालीं इटलींत फियाट कंपनीनें ११०० जातीची जी नवी मोटार काढली तिला असाच दांडा होता. तीच मोटार पुढें मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत होऊं लागली, आणि तिचीच सुधारलेली आवृत्ति १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें विकली गेली. दांडा वर नेण्यांतला हेतु साधा आहे. जमीन मोकळी राहिली म्हणजे पुढें सलग बांकडें बसवितां येतें, आणि दोघांऐवजीं तिघे बसतात.

लहानपणीं त्या मधल्या जागेचे मानकरी आम्ही होतों. (आजच्या नियमांत हें बसणार नाहीं, व बसूंही नये.) डावीकडे आई, उजवीकडे अण्णा, आणि अण्णांचा डावा हात दर वळणावर आमच्या नाकासमोरून जाई. गिअर टाकतांना त्यांनीं कधीं मान वळविली नाहीं. बोलतां बोलतां हात जाई, दांडा हाले, आणि मोटारीचा सूर बदले. आंकडे लिहावयास शिकण्यापूर्वींच आम्ही त्या सुरावरून पहिला, दुसरा, तिसरा, चवथा ओळखूं लागलों होतों.

या सोयीची किंमत यंत्रास द्यावी लागते. जमिनींतला दांडा सरळ गिअरपेटीशीं बोलतो. वरच्या दांड्याचें तसें नाहीं. त्याची हालचाल स्टिअरिंगच्या खांबाच्या आधारानें खालीं उतरते, तेथून आंखूड हातांकडे, हातांकडून लांब सळयांकडे, आणि सळयांकडून गिअरपेटीकडे जाते. एखादा निरोप चार तोंडांतून गेला म्हणजे त्याचें काय होतें, हें कोणत्याही वर्गांतील विद्यार्थी सांगेल. प्रत्येक सांध्यांत एक लहानसें बूश असतें. तें झिजलें कीं सांधा किंचित् ढिला पडतो. अशा सर्व सांध्यांचें ‘किंचित्’ मिळून वर दांडा सैरभैर डुलूं लागतो, आणि एके दिवशीं एका गिअरमधून पुरता न सुटतांच दुसऱ्यांत शिरूं पाहतो. मग सर्व कांहीं जागच्या जागीं अडकतें.

गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत शीवच्या चौकांत आमचें असेंच अडकलें. मागें वाहनांची रांग, वर धो धो पाऊस. पुढचें झाकण उघडून आम्हीं सळया हातानें हालविल्या तेव्हां दांडा सुटला. परंतु तोंवर मागील मंडळींनीं आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली होती.

दुसऱ्याच दिवशीं आम्ही एका गॅरेजांत गेलों. तेथील मालकांनीं मोटारीखालीं डोकावण्याची तसदी न घेतां निदान सांगितलें. “साहेब, हें जुनें लफडें काढूनच टाका. फ्लोअर गिअर करून देतों. बांकडें काढूं, दोन सुट्या सीट टाकूं. गाडी नवी होईल.” आम्हीं होकार दिला. अण्णांना विचारलें नाहीं. त्यांना चकित करावें असा आपला मनोदय आहे, असें आम्हीं तेव्हां स्वतःस सांगितलें; खरें कारण, ते नाहीं म्हणतील ही भीति. जमिनीचा पत्रा कापला जात होता त्या वेळीं आम्ही बाजूस उभे राहून चहा पीत होतों.

काम वाईट झालें होतें असें म्हणतां येत नाहीं. नवा दांडा बोटाच्या इशाऱ्यावर चाले.

रविवारीं पहांटे मोटार गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणावयाची, एवढाच प्रवास वयाच्या ७९ व्या वर्षीं अण्णांसाठीं उरला होता. ते आंत बसले. नव्या आसनावरून हात फिरविला. इंजिन सुरू केलें, क्लच दाबला, आणि त्यांचा डावा हात वर गेला. तेथें कांहीं नव्हतें. हात क्षणभर अधांतरीं राहिला. मग खालीं येऊन चांचपूं लागला. त्यांनीं मान वांकवून दांड्याकडे पाहिलें. पुन्हां क्लच, पुन्हां हात वर. तिसऱ्या खेपेस त्यांनीं इंजिन बंद केलें व किल्ली आमच्या हातीं देत ते म्हणाले, “छान केली आहेस रे. आतां तूंच चालव.”

पुढल्या रविवारीं त्या वेळेस ते वर्तमानपत्र वाचीत बसले. आई स्वयंपाकघरांतून म्हणाली, “पत्रा कापून आलास, कीं त्यांचा हात?”

आम्ही गॅरेजांत धांवलों, तर जुना दांडा भंगारांत वजनावर गेलेला. तेव्हां आम्हीं कुर्ला गांठलें. ज्या कारखान्यांत ही मोटार जन्मली त्याच्या आवारांत आज उंच इमारती उभ्या आहेत. परंतु जुन्या सुट्या भागांचा बाजार कुर्ल्यांत अद्याप आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरांत तीही रस्त्यावरून उतरली. तिच्या बहिणींचे अवयव या बाजारांत अजून सांपडतात. तीन दिवस हिंडल्यावर एका पोटमाळ्यावरून दांडा व सळया असा सबंध संच निघाला. दांड्याची मूठ एका बाजूनें घासून गुळगुळीत झाली होती; कोणा टॅक्सीवाल्याचें आयुष्य त्या मुठीवर गेलें असावें.

बसविण्यास एक वृद्ध मिस्त्री मिळाले. सारी कथा ऐकून त्यांनीं विचारलें, “जुन्याचे बूश बदलून पाहिले होते का?” आम्ही गप्प. “बूशच गेले असणार हो. सिनेमाच्या तिकिटाचें काम!”

त्यांनीं लेथवर नायलॉनचे नवे बूश कातून घेतले. कापलेल्या जागीं पत्र्याचें ठिगळ जोडलें. त्यांतून आजही पावसाचें पाणी पाझरतें. बांकडें सुदैवानें शाबूत होतें, कारण गॅरेजांतला पोऱ्या दुपारीं त्यावर झोपत असे. सर्वांत वेळ गेला तो सळयांची लांबी जुळविण्यांत. दांडा कोणत्याच गिअरमध्यें नसेल तेव्हां खालीं गिअरपेटीही नेमकी मोकळी हवी. सळईच्या टोकाचा नट अर्धा फेरा फिरवावा, तर पहिला सुधारे आणि तिसरा रुसे. मिस्त्री मोटारीखालीं उताणे, आम्ही वर दांडा धरून. “टाका दुसरा.” “पडला.” “टाका तिसरा.” “नाहीं पडत.” हा संवाद दोन दिवस चालला.

त्यानंतरच्या रविवारीं आम्हीं किल्ली अण्णांच्या वर्तमानपत्रावर ठेवली व कांहीं न बोलतां खालीं जाऊन मोटारींत बसलों. बऱ्याच वेळानें ते आले. क्लच दाबला. हात वर गेला, आणि मूठ हातीं लागली. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं; ते समोर रस्त्याकडे पाहत होते. गल्लीच्या टोकाशीं मोटार वळविल्यावर मात्र ती कडेला उभी करून म्हणाले, “दुसरा जरा घट्ट पडतो आहे. पाना आहे का तुझ्याजवळ?”

पाना नव्हता. तो आणण्यासाठीं आम्ही धांवत घरीं आलों.