शेंडीवाले पाहुणे

मुंबईचा पाहुणा मे महिन्यात रत्नागिरीला येतो तो आंबे खायला, आणि परत जातो तो पेटी घेऊन. हा आमच्याकडचा सनातन क्रम. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने तो उलटा केला. आदल्या वर्षी नेलेली हापूसची लाकडी पेटी त्याने मुंबईहून परत आणली आणि ओटीवर ठेवून म्हणाला, "मामा, आजीला सोबत आणलीय."

पेटीच्या फटींतून बारीक चिवचिव ऐकू येत होती.

आत महिना-दीड महिन्याची पाच पिल्ले होती. अंग काळे कुळकुळीत आणि डोक्यावर पांढऱ्या पिसांचा गुच्छ, जणू कोणी कापसाचे बोंड चिकटवले आहे. आमची ही वाकून बघत म्हणाली, "अहो, ह्यांना डोळे कुठे आहेत?" शेजारी गवत कापणारा गडी तर पुढे कितीतरी दिवस मला अडवून विचारी, "काय वो गुर्जी, ह्याचा त्वांड कंच्या अंगाला?"

ही जात पोलिश म्हणून ओळखली जाते. पण पोलंडशी तिचा संबंध असेलच असे नाही. डच भाषेत डोक्याला 'पोल' असा एक जुना शब्द होता, त्यावरून हे नाव पडले असावे असे काही जाणकार म्हणतात. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी अशा शेंडीवाल्या कोंबड्या मोठ्या हौसेने रंगवल्या आहेत. ह्या शेंडीखाली कवटीलाच एक उंचवटा असतो. डार्विनसाहेबांनी १८६८ साली पाळीव प्राण्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ह्या कवट्यांची बारकाईने चिकित्सा केली आहे. पिल्लांच्या डोक्यावर तिथले हाड नीट भरलेले नसते. म्हणून गावठी कोंबडीने तिथे एक टोच मारली तरी जिवावर बेतते. हे सगळे मी नंतर वाचले. आधी वाचले असते तर बरे झाले असते.

माझ्या आईने जन्मभर गावठी कोंबड्या पाळल्या. पण चार वर्षांपूर्वी ती पायरीवरून पडली आणि तेव्हापासून "आता माझ्याच्यानं होत नाही" म्हणून खुराडे रिकामे राहिले होते. ती हल्ली चिडचिडी झाली होती. दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागे. कोणी जवळ आले की एवढ्यातेवढ्याने दचके. एकदा मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर हातातली पेजेची वाटी उडून माझ्या धोतराची... नाही, धोतर नेसायचे माझ्या वडिलांनी, माझ्या नव्या पँटची दुर्दशा झाली. मी रागावून म्हणालो, "एवढं काय दचकायचं? मी काय वाघ आहे?" ती काही बोलली नाही. वय झाले, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. एका चष्मेवाल्याने नंबर वाढवून दिला होता, तेवढ्यावर आमचे समाधान होते.

तर ही पिल्ले. त्यांच्याइतका भित्रा प्राणी मी पाहिला नाही. पान पडले की पळ, कावळा ओरडला की पळ. दाणे टाकायला हात वर केला की पाचही दिशांना पाच! दिवसभर त्यांचे काही बिघडत नसे, पण संध्याकाळी डालग्याखाली झाकायचे म्हणजे माझी कवाईत सुरू होई. वर्गातल्या पन्नास पोरांना एका आवाजात गप्प बसवणारा मी, ह्या पाच जिवांमागे अंगणभर धावे.

मिरगाच्या पावसातली ती संध्याकाळ मला विसरता येत नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आपल्याच अंगणात पडतो आहे असे वाटण्याजोगा तो दिवस होता. मी डालगे घेऊन धावत होतो. भिजून शेंड्या डोळ्यांवर चिकटल्यामुळे पिल्लांना काहीच दिसत नव्हते. एकाने माझ्या पायांना घाबरून आंधळी झेप घेतली ती थेट पागोळीखालच्या पिंपात. मी हात घालून बाहेर काढीपर्यंत त्याची मान लुळी पडली होती.

मी ते पिल्लू हातात घेऊन ओटीवर आलो. आईने हात पुढे केला, बोटांनी त्याचे डोके चाचपले आणि म्हणाली, "तू धावलास म्हणून मेलं ते."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला अंगणात येऊ दिले नाही. स्वतः पाट घेऊन पडवीत बसली. शेजारी एका करवंटीत तांदळाच्या कण्या. कुजक्या झावळीला लागलेली वाळवी झाडून आणायचे काम तेवढे माझ्याकडे. वाळवी म्हणजे पिल्लांचे पेढेच! ती त्यांच्याकडे बघत नसे. तोंड भलतीकडे करून काहीतरी पुटपुटत बसे, आणि हात हलवण्याआधी दर वेळी "यो, यो, यो" अशी हाक घाली. हात पुढे करायचा तो जमिनीवरून सरकवत. वरून कधीच नाही.

मी विचारले, "वरून का नाही?"

"वरून घार येते," ती म्हणाली.

पुढे वाचनात आले की कोंबड्यांची धोक्याची हाकच दोन तऱ्हेची असते. जमिनीवरचा शत्रू दिसला तर कलकलाट, आणि आकाशातला दिसला तर एक बारीक, लांबट स्वर. मानेवर वरून येणारा हात, मग तो कितीही मायेचा असो, त्यांच्या लेखी घारच. आणि दोन्ही डोळे रोखून बघत सरळ चालून येणारा मास्तर म्हणजे कोल्हा किंवा रानमांजर. आईने ह्यातले काही वाचले नव्हते.

आठ दिवसांनी पहिले पिल्लू करवंटीशी आले. पंधराव्या दिवशी एक तळहातावर चढले. आईने अबोलीचे गजरे करायचा दोरा मागितला, पिल्लू मांडीवर घेतले आणि डोळ्यांवरची पिसे वर गोळा करून सैलशी गाठ मारली. थेट आपल्या थिबा राजासारखा बुचडा! त्या ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणले आणि १९१६ साली तो इथेच वारला. परमुलखातून आलेल्या ह्या कोंबड्याचे नाव त्या दिवसापासून थिबाच पडले. बुचडा बांधल्यावर तो इतका शांतपणे इकडेतिकडे पाहू लागला की जणू जग त्याला प्रथमच दिसत होते.

मी मास्तरी थाटात आईला समजावू लागलो, "बघ, शेंडीमुळे त्यांना वरचं आणि बाजूचं दिसत नाही. समोरचं तेवढं दिसतं. म्हणून एकदम काही जवळ आलं की दचकतात."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "मला तसंच दिसतं."

"म्हणजे?"

"पोफळीच्या नळीतून बघावं तसं. मधलं दिसतं. कडेचं नाही. तू मागून येतोस ना, तो एकदम खांद्यावरच उगवतोस."

"कधीपासून?"

"झाली असतील चार-पाच वर्षं. मला वाटलं, म्हातारपणी असंच दिसत असेल."

कोणता मुलगा पुस्तक नाकाशी धरून वाचतो, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, हे मी पहिल्या आठवड्यात ओळखतो आणि पालकांना चिठ्ठी धाडतो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे तर एकमेकांचे श्वाससुद्धा ओळखतात. आणि चौकटीला लागणारा आईचा खांदा मी रोज पाहत होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, काचबिंदू. आपल्याकडे मोतीबिंदू सर्वांना ठाऊक असतो. शस्त्रक्रिया झाली की नजर परत येते, अशी खात्रीही असते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात बहुधा डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरत जाते. बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर आधी जाते, आणि गेली ती गेली. उरलेली राखायची, त्यासाठी रोज थेंब घालायचे. हा विकार घराण्यात उतरतो, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या मलाही त्यांनी त्याच खुर्चीवर बसवले. माझे डोळे ठीक निघाले. घरी येताना रिक्षात आईने मला धीर दिला! "अरे, मधलं दिसतंय ना? पुष्कळ झालं."

थिबा आणि त्याच्या तीन राण्या आता चांगल्या दांडग्या झाल्या आहेत. राण्या पांढरी अंडी घालतात आणि ती उबवण्याची जबाबदारी राजकुळाला न शोभणारी म्हणून टाळतात. गावात "कधी कापणार?" असे विचारणारे अजून भेटतात. असो.

रात्री जेवणे आटोपली की थेंबांची वेळ होते. पहिले काही दिवस मोठी पंचाईत झाली. आई मान मागे टाकून बसायची आणि बाटली वरून खाली येऊ लागली की झटकन डोळे मिटून डोके बाजूला करायची. थेंब गालावर. मी पुन्हा रागावणार होतो. तेवढ्यात तिच्या मांडीवर बसलेली कोंबडी माझ्या हाताकडे मान तिरपी करून बघताना मला दिसली.

आता मी दारातूनच बोलत येतो. पाटाशेजारी खाली बसतो. आधी तिच्या मनगटाला हात लावतो, मग हनुवटीला.

"आई, उजवा."

"घाल."

"आता डावा."

"घाल रे. कोंबडीला उठवू नकोस."