भेदऱ्याचा उन्हाळा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या कचेरीत बदली झाल्यावर ज्या घरात मी बिऱ्हाड केले, त्याच्या सांदवाडीत मालकीणबाईंनी, ज्यांना सारा मोहल्ला आजी म्हणे, लावलेली भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, झाडे माघ-फाल्गुनात फळांनी वाकलेली मी पाहिली होती. चैत्र सरता सरता तीच झाडे, पानांची हिरवाई यत्किंचितही न गमावता, फुले तेवढी ढाळू लागली. पाणी कमी पडत असावे, असे मी सुचवताच आजी म्हणाल्या, “साहेब, पानी कितीबी टाका जी, फूल गरतेच. मिरगापावतर झाड जगवाचं, बस.”

वनस्पतिशास्त्राचा निर्णय याहून वेगळा नाही. टोमॅटोचे मूळ माहेर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारांवर. दिवस कितीही तापला तरी रात्र थंड व्हावी, हा या वनस्पतीचा जुना हक्क. दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे आणि रात्रीचे २४ अंशांच्या वर राहू लागले, की परागकण निर्जीव होतात, आणि कित्येकदा स्त्रीकेसराची दांडी परागकोशांच्या शंकूबाहेर वाढून उरलासुरला संयोगही चुकवते. चंद्रपुरात वैशाखात दिवसाचा पारा ४५ अंश ओलांडतो, रात्रीचा पुष्कळदा २८ अंशांखाली उतरत नाही. तेव्हा अपील करावे तरी कोणत्या दरबारात? विशेष हे, की ही इजा उमललेल्या फुलाला होत नसून, ते कळीत असताना, उमलण्याच्या सुमारे आठवडा-दीड आठवडा आधी होते. म्हणजे आज गळणाऱ्या फुलाचा फैसला मागच्याच आठवड्यात झालेला असतो, आणि सायंकाळी घातलेली घागर त्याला केवळ उशिराच पोहोचते.

उष्णता-सहनशीलता हा शब्द आपण सरसकट वापरतो. परंतु पानाची सहनशीलता निराळी आणि फुलाची निराळी, हे त्या सांदवाडीने मला शिकवले. आजींचा सारा बंदोबस्त पहिलीपुरता होता. पश्चिमेस तुराट्यांचा ताटवा, आळ्यात धानाच्या तणसाचे जाड अंथरूण, पाणी पहाटे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, सुरू होण्याआधी वाढलेले शेंडे खुडून टाकायचे. फळाची अपेक्षा नसल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर ती चिंता नसे, जी बियाण्याची पाकिटे विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचून माझ्या चेहऱ्यावर येई. चैत्रात धरलेली थोडी फळे पिवळट नारिंगीच राहत, कारण तांबडे रंगद्रव्य ३२ अंशांच्या सुमारास तयार व्हायचे थांबते. आजी ती चटणीत वाटून मोकळ्या होत. मृगाच्या सरींनी रात्री निवल्या, की जुन्याच खोडांना नवी फूट येऊन बोराएवढी आंबट भेदरी लागत. लहान फळांच्या जाती उन्हात तुलनेने अधिक फळ धरतात, असा शास्त्रज्ञांचाही अनुभव आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने रात्रीच्या उष्म्यातही फळ धरणारे ‘पुसा सदाबहार’ आणि ‘पुसा हायब्रिड-१’ हे वाण काढले, हे मी आजींना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी उत्पन्नाचा आकडा विचारला नाही. बी पुढच्या वर्षी धरता येईल काय, एवढेच विचारले. पहिल्याचे धरता येईल, दुसरे संकरित असल्याने दरसाल विकत घ्यावे लागेल, असे मी म्हणताच त्यांनी पहिल्याचे चिमूटभर आणायला फर्मावले, आणि तेही आपल्या झाडांपासून दूर, विहिरीपलीकडे लावण्याच्या अटीवर.