अण्णांचा पेला

भीमाकाठच्या आमच्या मांडवगण फराटा गावात ऊस उदंड. आल्यागेल्यापुढे रसाचा पेला ठेवावा, ही घराची जुनी रीत. तोच पेला पाहून एके दिवशी अण्णा, माझे वडील, मान फिरवतील असे वाटले नव्हते.

पक्षाघातातून ते सावरले. परंतु पातळ काही घेतले की ठसका लागे. हळूहळू त्यांनी पाणीही कमी केले. ‘तहान नाही’ म्हणत. वाचकहो, घरातील वृद्ध वारंवार असे म्हणू लागले, तर त्यामागे भीती असू शकते. मला ती ओळखायला पंधरा दिवस लागले, ही खंत आजही आहे.

डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी केली. पातळ द्रव घशातून वेगाने निसटतो आणि श्वासनलिकेत शिरू शकतो. दाट पदार्थ सावकाश उतरतो, असे त्यांनी समजावले. किती दाट, हेही दाखवले.

मग मी मिक्सर काढला. बांधावरची वाटीभर पिकलेली पपई, अर्धे केळे आणि बाजारातून आणलेल्या अननसाच्या दोन चकत्या घेतल्या. अननसाचा मधला कठीण दांडा काढून तो वेगळा फिरवला आणि गाळला. त्याचे तंतू घशात अडकतात. पपई व केळे मात्र न गाळता मिसळले. साखर घातली नाही. दूधही टाळले, कच्च्या पपई-अननसासोबत ते लवकरच कडवट होते.

अण्णांना ताठ बसवून चमच्याने, एक घोट उतरल्यावरच दुसरा दिला. नंतर अर्धा तास आडवे होऊ दिले नाही.

आपल्या घरी हे करण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारा. प्रत्येकाला लागणारा दाटपणा वेगळा असतो. मधुमेहात फळांचे प्रमाण मोजावे लागते. मूत्रपिंडाच्या विकारात केळ्यातील पोटॅशियम बाधू शकते.

चौथ्या दिवशी अण्णांनी पेला संपवला आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, “अगदीच गोडमिट्ट झालंय. उद्या अननस जरा वाढव.”

कित्येक दिवसांनी त्यांनी चवीची तक्रार केली होती. ती ऐकून मी स्वयंपाकघरात गेलो आणि डोळे पुसले.